किल्ली ही अनामत असते

जुनी कुलपं आणि किल्ल्या जमवण्याचा छंद मुंबईत सध्या बराच दिसतो. हॉटेलांच्या भिंतींवर पितळी कुलपं लटकलेली असतात. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत गंजलेल्या किल्ल्या मांडलेल्या असतात. भंगारात किलोवर घेतलेली किल्ली तेलपाणी करून नगावर विकली जाते, आणि घेणारा ती ‘अँटिक’ म्हणून घरी नेतो. छंदाला माझा विरोध नाही, मी स्वतः त्यातलाच आहे. पण किल्ली कुठल्या दाराची, कुणाच्या घरची आणि कुणाच्या हातची, हे लिहून न ठेवता ती जमवली तर आपल्याकडे फक्त लोखंड जमतं. ज्याच्यासाठी ते जमवायचं, ते भंगारवाल्याच्या पोत्यातच राहून जातं.

हे आज सांगण्याचं कारण ठाकूरद्वार. नाक्याच्या आसपास फणसवाडी, झावबावाडी, मुगभाट अशा वाड्या आणि त्यांतल्या चाळी आहेत. मेट्रो-३ च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात तो मार्ग पूर्ण सुरू झाला आणि गिरगाव, काळबादेवी ही नावं भुयारी स्थानकांवर लागली. बाकीच्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. लोकांना पक्कं घर, स्वतःचा संडास, लिफ्ट मिळत असेल तर ते झालंच पाहिजे. चाळीच्या गॅलरीबद्दल हळवं व्हायला मला आवडत नाही. तिथं चार पिढ्या दाटीवाटीनं कशा राहिल्या, हे राहणाऱ्यांनाच ठाऊक. पण इमारत रिकामी होते तेव्हा सामानाची फाळणी होते. सागवानी दारं-खिडक्या जुन्या लाकडाच्या गाडीत चढतात. कडी-कोयंडे आणि कुलपं भंगाराच्या पोत्यात जातात. किल्ली कुणाच्या तरी खिशात राहते, किंवा तीही पोत्यात पडते. त्या दिवसापर्यंत दार, कुलूप आणि किल्ली ही एकच वस्तू असते. त्यानंतर त्या तीन वस्तू होतात, आणि त्या पुन्हा एकत्र येण्याची शक्यता जवळजवळ नसते.

ठाकूरद्वारहून सी. पी. टँक, कुंभारवाडा, नळबाजार करत चालत निघालात तर अर्ध्या तासात मटन स्ट्रीट येतो. हाच चोर बाजार. मूळ नाव ‘शोर बाजार’ होतं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, असं सांगतात. शुक्रवारी पहाटे तिथं रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. गोणपाटावर किल्ल्यांचे ढीग असतात. विचारलं की ही कुठली, तर उत्तर येतं, ‘पुरानी है, साहब, असली है.’ विकणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्यापर्यंत ती येते तेव्हा तिची हकीकत तिच्यापासून आधीच सुटलेली असते. आणि तो बाजार तरी किती दिवस तसाच राहणार? शेजारच्या भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टनं २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला आहे. म्हणजे दारं दोन्हीकडची जात आहेत, ठाकूरद्वारच्या चाळीचीही आणि भेंडीबाजारच्या चाळीचीही. दोन्हीकडच्या किल्ल्या एकाच गोणपाटावर येतात, आणि तिथं त्यांना धर्म, जात, गल्ली काहीच उरत नाही.

आता शब्दांकडे बघू. मराठी माणूस दाराला ‘कुलूप’ लावतो तेव्हा तो अरबीतला ‘कुफ्ल’ लावत असतो. ‘चावी’ म्हणतो तेव्हा पोर्तुगीजांची ‘शाव्ह’ फिरवत असतो. घर भाड्यानं घेताना ‘अनामत रक्कम’ भरतो, तेव्हा अरबी-उर्दूतल्या ‘अमानत’चं मराठी रूप उच्चारत असतो. कुणी कुणावर लादलेले हे शब्द नाहीत. बंदरं, बाजार, कचेऱ्या आणि कारखाने यांतून ते घरात आले आणि घरचे झाले. सुनेच्या हाती किल्ल्या देणारी सासू, जानव्याला किल्ली बांधणारे आजोबा, ओढणीच्या टोकाला चावी गाठ मारून ठेवणारी अम्मी, या सगळ्यांच्या बोलण्यात हे शब्द एकत्र नांदले. यांतला ‘अनामत’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनामत म्हणजे आपल्याकडे असलेली, पण आपली नसलेली वस्तू. ती जपायची असते आणि मागितली की परत द्यायची असते.

इस्लामच्या इतिहासातली किल्लीची सर्वांत मोठी हकीकत याच शब्दाभोवती आहे. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषित मुहंमद (स.) यांच्या हाती आली. ती पूर्वापार उस्मान बिन तलहा यांच्या घराण्याकडे होती. आता ती आपल्या घराण्याला मिळावी, अशी इच्छा प्रेषितांच्या जवळच्याच नातलगांनी व्यक्त केली. प्रेषितांनी उस्मान बिन तलहांना बोलावलं आणि किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली. अनामती ज्यांच्या त्यांना पोहोचवा, ही सूरह निसाची ५८ वी आयत या प्रसंगाशी जोडून सांगितली जाते. तेव्हापासून आजतागायत काबागृहाची किल्ली बनी शैबा या त्याच घराण्याकडे आहे. जिंकणाऱ्याच्या हातात सत्ता होती, किल्लीही होती, तरी त्यानं ती ठेवून घेतली नाही. आपल्या मशिदींतल्या बयानात हा प्रसंग नेहमी येतो, पण त्यातून आपण बहुधा पैशाच्या व्यवहाराचाच बोध घेतो. वस्तूचा मान राखणं, तिचा वारसा राखणं, हाही त्याच शिकवणीचा भाग आहे, असं मला वाटतं.

याच काबागृहाच्या किल्लीची एक अलीकडची हकीकतही जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज लिलावघरात काब्याची बाराव्या शतकातली म्हणून एक लोखंडी किल्ली ९२ लाख पौंडांना विकली गेली. जगभर बातम्या झाल्या. पुढे ती अस्सल नसल्याचं पुढे आलं आणि विक्री रद्द झाली. एवढे तज्ज्ञ, एवढा पैसा, तरी धातू आणि नक्षी पाहून खात्री पटली नाही. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली, याची साखळी तुटली की मोठमोठ्यांचीही फसगत होते. मग जुम्मा बाजारातल्या पाचशे रुपयांच्या ‘मुघल’ कुलपाचं काय सांगावं!

म्हणून ओळख कशी पटवायची, याबद्दल थोडं. हे काही गूढ शास्त्र नाही. धीरानं पाहिलं तर कुणालाही जमतं.

पहिली गोष्ट किल्लीची ठेवण. किल्लीला तीन भाग असतात: बोटांत धरायची कडी, मधली दांडी आणि टोकाचं पातं. दांडी भरीव आहे की नळीसारखी पोकळ, ते पाहा. पोकळ किल्ली कुलपातल्या खिळीवर बसते. भरीव दांडीचं टोक पात्याच्या पुढे आलेलं असेल तर ती बहुधा दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दाराच्या कुलपाची असते. पात्याला साधे एक-दोन खाचे असतील तर कुलपात नुसते अडथळ्याचे पत्रे असतात आणि तसल्या कुलपाला थोडीफार जुळणारी कुठलीही किल्ली चालून जाते. पात्याच्या कडेला कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या असतील तर आत लिव्हर आहेत. प्रत्येक पायरी एकेक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलते. दोन्ही दिशांनी अडणारी ही लिव्हरची रचना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरननं १७७८ मध्ये आणली. जेरेमाया चबनं १८१८ मध्ये तिच्यात भर घातली: चुकीची किल्ली फिरवली की कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. आपल्याकडची जुनी देशी कुलपं याहून वेगळी असतात. काहींची किल्ली फिरवायची नसते, आत ढकलायची असते. ती आतल्या फाकलेल्या पट्ट्या दाबते आणि कडी मोकळी होते. काहींच्या किल्लीला पेच असतात आणि ती स्क्रूसारखी आत जाते. अशी पेचाची किल्ली ढिगात सापडली तर बहुतेक लोक तिला यंत्राचा सुटा भाग समजून बाजूला टाकतात. ती आधी उचला.

दुसरी गोष्ट छाप. घासून चकचकीत करण्याआधी भिंगानं छाप वाचा, कारण पॉलिशनं सर्वांत आधी तोच जातो. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ असेल तर कुलूप बहुधा १८८७ नंतरचं, कारण परदेशी मालावर देशाचं नाव असावं असा कायदा इंग्लंडमध्ये त्या वर्षी झाला. रेल्वेच्या कुलपांवर कंपनीची अक्षरं ठोकलेली असतात. ‘जीआयपी’ किंवा ‘बीबीसीआय’ असेल तर ते ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधी बनलेलं, कारण त्या दिवशी या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. अर्थात कुलूप बनलं कधी आणि वापरात राहिलं किती, या दोन वेगळ्या गोष्टी. बीबीसीआयचं कुलूप नंतरही अनेक वर्षं एखाद्या फाटकावर लटकलेलं असू शकतं. दुकानदाराचा पत्रा किंवा चिठ्ठी चिकटलेली असेल तर पत्ता वाचा. ‘मुंबई-४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. त्या दिवसापासून सहा आकडी पिनकोड आला आणि गिरगाव ४००००४ झालं.

तिसरी गोष्ट गाव. इंग्लंडचं बरंचसं जुनं कुलूप वुल्व्हरहॅम्प्टन आणि त्याला लागून असलेल्या विलेनहॉल या गावांचं. आपल्याकडे अलीगढ. तिथं १८७० मध्ये जॉन्सन अँड कंपनीनं इंग्लंडहून कुलपं आणून विकायला सुरुवात केली आणि १८९० च्या सुमारास ती तिथंच बनवायला घेतली. पुढे घराघरांत कुलपाचे सुटे भाग बनू लागले. दक्षिणेत दिंडिगुल, तिथल्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपल्या मुंबईत लालबाग. ठाकूरद्वारपासून फार लांब नाही. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये तिथं एका लहानशा शेडमध्ये कुलपं बनवायला घेतली. आज विक्रोळीला गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार आहे. जुनी कागदपत्रं, छायाचित्रं, नमुने जपलेले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे, आणि ज्याच्याकडे कारखाना असतो त्याचा इतिहास असा लिहिला जातो.

पण गोदरेजच्या कुलपाची किल्ली हरवल्यावर ठाकूरद्वारच्या चाळीत दुसरी बनवून देणारा माणूस कोण होता? त्याचं अभिलेखागार कुठे आहे?

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. कुलूप जमवणारे पुष्कळ आहेत, किल्ली जमवणारेही आहेत, पण किल्ली बनवणाऱ्याची हत्यारं कुणी जमवत नाही. फुटपाथवर पत्र्याची पेटी मांडून बसणाऱ्या चावीवाल्याकडे काय असतं? चपट्या, गोल, तिकोनी अशा चार-सहा कानशी. हातात मावेल एवढा शिकंजा. ठोकायला लोखंडी ठोकळा आणि हातोडी. तारेचे वाकवलेले आकडे. आणि तारेत ओवलेला कोऱ्या किल्ल्यांचा मोठा घोस. नमुना नसेल तर तो कोरी किल्ली काजळीवर धरून काळी करतो, कुलपात घालून हलक्या हातानं फिरवतो आणि बाहेर काढून पाहतो. जिथं आतला भाग घासला, तिथली काजळी निघालेली असते. तिथं कानस. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. आतलं काही न पाहता, डोळ्यांनी आणि बोटांच्या जाणिवेनं तो आतली रचना पातीवर उतरवतो. आता संगणकावर किल्ली कापणारी यंत्रं आली आहेत. त्यांना लिव्हरची जुनी लांब दांडीची किल्ली बहुधा कापता येत नाही, म्हणून हा माणूस अजून टिकून आहे.

ही हत्यारंसुद्धा वाचता येतात. कानशीच्या मुळाशी, लाकडी मुठीच्या अगदी वर बनवणाऱ्याचा छाप असतो. शेफिल्डची कानस आणि देशी कानस तिथं ओळखू येते. मूठ बहुतेकदा कारागिरानं स्वतः बसवलेली असते, आणि ती कुठल्या बाजूला झिजली आहे यावरून तो उजवा होता की डावा, हे कळतं. संपलेली कानस टाकून न देता तिचीच छिन्नी केलेली आढळते. घोसातल्या काही किल्ल्या कोऱ्या नसतात. ते नमुने असतात, एखाद्या भागात ज्या कंपनीची कुलपं जास्त असतील तिचे. म्हणजे चावीवाल्याचा घोस हा त्या मोहल्ल्यातल्या दारांचा एक प्रकारचा दफ्तर असतो. तो घोस सुटा करून एकेक किल्ली विकली की दफ्तराची पानं फाडल्यासारखं होतं.

विलेनहॉल गावाला इंग्लंडमध्ये एकेकाळी ‘हम्पशर’ म्हणत, म्हणजे कुबडांचा परगणा. लहानपणापासून शिकंज्यावर वाकून कानस चालवल्यानं तिथल्या कुलूपकारांच्या पाठी वाकत. ही आठवण त्या गावानं जपली आणि कुलूपकाराच्या घराचंच संग्रहालय केलं. आपल्याकडे अलीगढच्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येनं आहेत. मुंबईच्या फुटपाथवरच्या चावीवाल्यांतही आहेत. त्यांच्या वाकलेल्या पाठीची नोंद कुठे आहे?

मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण बादशहा, किल्ले आणि शायर यांच्यापाशी थांबतो. विज्ञानाची गोष्ट निघाली की अल्-जझरीचं नाव घेतो. त्यानं १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात चार चकत्यांवरची अक्षरं जुळवून उघडायचं कुलूप आहे, हे अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. पण आठशे वर्षांपूर्वीच्या कुलपाचा अभिमान आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या उस्तादाचं नावही माहीत नाही, हे बरोबर नाही. आपली बहुसंख्या कष्टकऱ्यांची, कारागिरांची होती आणि आहे. या लोकांनी सनदा मागे ठेवल्या नाहीत, हत्यारं ठेवली. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सतत कागद मागितले जातात: जन्माचे, जमिनीचे, वडिलांच्या वडिलांचे. कारागिराच्या घरात कागद नसला तरी एखादी पेटी असते. ती पेटी सरकारी कचेरीत चालणार नाही, हे मला कळतं. पण हा माणूस इथं होता, इथल्या लोकांची दारं त्यानं उघडून दिली, याची साक्ष ती देते.

दारं उघडून देणं ही साधी गोष्ट नाही. विचार करा, चाळीतल्या खोलीची किल्ली हरवली आहे. घरचा माणूस खाली जाऊन चावीवाल्याला वर घेऊन येतो. तो परका माणूस, बहुतेकदा परक्या धर्माचा, घराच्या कुलपात हात घालतो. पाच मिनिटांत दार उघडतो, नवी किल्ली बनवून देतो, पैसे घेतो, जातो. त्या घराची किल्ली त्याला बनवता येते हे त्याला माहीत असतं, घरमालकालाही माहीत असतं. तरी रात्री दोघं शांत झोपतात. हा विश्वास कुठल्या कायद्यानं आलेला नव्हता. शेजारणीकडे किल्ली ठेवून गावी जाणारं गिरगाव आणि सगळं कुटुंब आखातात असताना शेजाऱ्याकडे किल्ली सोपवणारं कोकण, दोन्हीकडे तोच विश्वास होता. पैसे न घेता, पावती न देता ठेवलेली ती अनामत होती.

आज त्याच चावीवाल्याला आधी नाव विचारलं जातं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मोर्च्यांच्या व्यासपीठांवरून मुसलमानांवर आर्थिक बहिष्कार घालण्याच्या हाका दिल्या गेल्या. घर भाड्यानं घेताना नाव सांगितलं की खोली ‘आधीच गेलेली’ असते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे, मलाही आहे. पागडीला इंग्रजीत ‘चावीचे पैसे’ अशा अर्थाचा शब्द आहे. पैसे मोजायची तयारी असूनही चावी मिळत नाही, अशी ही वेळ आहे. जुन्या किल्ल्यांनी हे बदलेल असा माझा भ्रम नाही. पण ज्या शहरात हिंदू घराची किल्ली मुसलमान कारागिराच्या कानशीखालून सहज जात होती, त्या शहराची आठवण नोंदवलेली असली तर ‘हे असंच होतं आणि असंच असणार’ असं म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

किल्ली दार नसतानाही जिवंत राहू शकते, याचं उदाहरण पॅलेस्टाइनचं आहे. १९४८ मध्ये घरं सोडावी लागलेल्या सुमारे सात लाख लोकांपैकी अनेकांनी जाताना दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर घेतली. घरं गेली, कित्येक गावंही नकाशावरून गेली. किल्ल्या नातवंडांकडे आहेत, आणि किल्ली त्या समाजाचं चिन्ह झाली आहे. तिला अर्थ आहे तो लोखंडामुळे नाही. नातवंडाला गावाचं नाव, गल्ली आणि दाराचा रंग सांगितलेला असतो म्हणून आहे. ठाकूरद्वारच्या स्थलांतराची त्या उच्छेदाशी बरोबरी करायची नाही. इथं लोक स्वखुशीनं, निदान करार करून जातात. पण किल्लीसोबत गोष्ट दिली पाहिजे, एवढं त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप आपल्यातलाच: पोट भरायची मारामार असताना जुनं लोखंड कसलं जपता, ही श्रीमंतांची हौस आहे. माझं उत्तर असं की श्रीमंत जपतच आहेत, फक्त आपल्या दिवाणखान्यासाठी. गरीब कारागिराची पेटी किलोवर जाते आणि तीच कुणाच्या भिंतीवर नगावर लागते, यात नुकसान कारागिराचंच आहे. हकीकत लिहायला पैसे लागत नाहीत, आणि हकीकत असलेल्या वस्तूला भावही जास्त येतो. तो भाव त्यालाच मिळू दे. दुसरा आक्षेप जमवणाऱ्यांचा: विकणारा खरं सांगेल कशावरून? नाही सांगणार कदाचित. म्हणून ‘विक्रेत्याचं म्हणणं’ आणि ‘मी पाहिलेलं’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. विचारण्याचा आणखी एक फायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. एखाद्या देवळातून, दर्ग्यातून, वाड्यातून चोरलेलं कुलूप आपल्या संग्रहात येऊ नये, हेही पाहायला हवं. चोरीचा माल घेऊन केलेला छंद हलाल कसा ठरेल?

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. चाळ रिकामी करताना सोसायटीच्या कमिटीनं निदान एका खोलीचं दार, कुलूप आणि किल्ली एकत्र ठेवावी, खोली क्रमांक आणि राहणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीनं लिहून नव्या इमारतीच्या ऑफिसात लावावी. मशिदी आणि दर्ग्यांच्या ट्रस्टींनीही हे करावं. नूतनीकरणात संगमरवर बसवताना जुनं दार आणि त्याचं कुलूप भंगारात देण्याची आपली सवय वाईट आहे. जमवणाऱ्यानं प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधावी: कुठं मिळाली, कधी, कुणाकडून, किती रुपयांना, विक्रेता काय म्हणाला. पितळ घासू नये, लोखंडाला फक्त हलकं तेल लावावं. आणि ओळखीचा चावीवाला असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचं बोलणं त्याच्याच भाषेत टिपावं, मग ती मराठी असो, उर्दू असो की दखनी. हत्याराला तो काय म्हणतो, काम कुणाकडून शिकला, पहिली किल्ली कुठल्या कुलपाची केली, हे त्याच्यानंतर कुणी सांगणार नाही.

संग्रहालयांनीही हात द्यावा. पुण्यात दिनकर केळकरांनी घरगुती वापराच्या साध्या वस्तू, दिवे, अडकित्ते जमवत आयुष्य काढलं आणि तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं तेच मुळात या भागातल्या कारागिरीचे नमुने दाखवायला. ठाकूरद्वारच्या चावीवाल्याची एक पूर्ण पेटी, घोसासकट, नाव-गाव-मोहल्ल्यासकट तिथं का असू नये?

आपल्या हातात आलेली जुनी किल्ली आपली नसते. ज्यानं ती घडवली, ज्यानं ती वापरली आणि उद्या जो तिच्याबद्दल विचारेल, त्या तिघांची ती असते. उस्मान बिन तलहांचा पत्ता ठाऊक होता म्हणून किल्ली परत देता आली. आपल्याला पत्ताच लिहून ठेवायचा आहे, आणि ठाकूरद्वारला तो अजून विचारता येतो.